माल आणायला जातो ते चंद्रपूर, आणि आपण कधी पाहिलंच नाही ते चंद्रपूर

या आठवड्याच्या व्हिडिओत मी चंद्रपुरातून तुमच्याशी बोललो. दहा-बारा मिनिटांत सगळं मावत नाही, म्हणून हिशोब आणि बारकावे इथे लिहून देतो. व्हिडिओ बघितला नसला तरी चालेल, लेख वाचून काम होईल.

सुरुवात एका फोनपासून करतो.

आपल्या सावलीच्या प्रशिक्षणाला आलेली एक ताई आहे. तिचा भाऊ पिवळ्या पाटीची टॅक्सी चालवतो. ताडोब्याला येणाऱ्या पाहुण्यांची ने-आण हे त्याचं काम. ताईने आमच्या वर्गानंतर डब्यांचं काम सुरू केलं आणि भावाच्या गाडीतल्या पाहुण्यांना दुपारचं जेवण द्यायला लागली. एक दिवस सकाळी साडेनऊला तिचा फोन.

"सर, हैदराबादचे पाहुणे हायेत. मराठीच हायेत. सफारी झाली त्यायची. रिसॉर्ट दहा वाजता खाली कराचं हाय अन् गाडी रातच्याले हाय बल्लारशावरून. दिवसभर काय दाखवू त्यायले?"

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणालो, "चंद्रपुरात काय आहे पाहायला? स्टेशनवर नेऊन बसव."

फोन ठेवला आणि दुकानात दोन गिऱ्हाईकं होऊन गेल्यावर मला माझीच लाज वाटली. मी बारा वर्षं चंद्रपूरला जातो. सकाळची एसटी, गोल बाजार, दोन-तीन होलसेलवाले, पार्सल गाडीवर टाकायचं आणि दुपारपर्यंत सावलीला परत. बारा वर्षांत मी चंद्रपूरच्या परकोटाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. तुम्हाला मी शिकवतो की "आपल्या आजूबाजूला संधी शोधा." आणि मी स्वतः जटपुरा गेटखालून शेकडो वेळा गेलो, तेव्हा माझ्या डोक्यात एकच विचार असायचा: ट्रॅफिक कधी सुटेल.

आपल्याकडे म्हण आहे, "चांदा ते बांदा". अख्खा महाराष्ट्र सांगायचा झाला की आपल्या चांद्याचं नाव पहिलं. नाव सगळे घेतात, बघायला मात्र कोणी थांबत नाही. ताडोब्याला येणारा माणूस नागपूरला उतरतो, वाघ बघतो, परत जातो. चंद्रपूर शहर त्याच्या गाडीच्या काचेबाहेर राहतं.

चंद्रपूरला कोणी का थांबत नाही?

आधी खरं बोलू. धंद्यात आपला माल विकताना त्याची खोट आपल्याला गिऱ्हाइकाआधी माहीत पाहिजे.

चंद्रपूर हे कारखान्यांचं शहर आहे. कोळशाच्या खाणी आहेत. दुर्गापूर-ऊर्जानगरला महाऔष्णिक वीज केंद्र आहे, त्याची क्षमता आज २९२० मेगावॉट. त्याच्या पाण्यासाठी इरई नदीवर धरण आहे. बल्लारपूरला पेपर मिल आहे. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर या बाजूला सिमेंटचे कारखाने. भद्रावतीला आयुध निर्माणी. तुमच्या घरातला पंखा, तुमच्या पोराची वही आणि तुमच्या घराचा स्लॅब, या तिन्हीत आपल्या जिल्ह्याचा काहीतरी वाटा असू शकतो.

त्याची किंमतही शहराने मोजली आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले. त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि नंबर लागला चौथा. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद आणि मग आपण. वर मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. टीव्हीवर चंद्रपूरचं नाव येतं ते बहुतेक वेळा उन्हाच्या बातमीत.

मग अशा शहरात कोणी पैसे देऊन फिरायला का येईल? हाच प्रश्न चीनमधल्या एका शहराबद्दल लोक विचारायचे.

झीबोची गोष्ट

चीनच्या शानतोंग प्रांतात झीबो नावाचं शहर आहे. लोकसंख्या सुमारे ४७ लाख. केमिकलचे कारखाने आणि चिनी मातीची भांडी, ही त्याची ओळख. शहराला जुना इतिहास आहे. प्राचीन छी राज्याची राजधानी लिंझी याच हद्दीत होती, आणि फुटबॉलसारखा एक प्राचीन खेळ तिथला मानला जातो. पण पर्यटक म्हणून तिकडे फारसं कोणी जात नव्हतं.

२०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये अचानक तिथे झुंबड उडाली. कशासाठी? रस्त्यावरच्या कबाबासाठी. प्रत्येक टेबलावर छोटी शेगडी, त्यावर मांसाचे तुकडे, पातळ पोळी आणि कांद्याची पात. बस, एवढंच. कोविडच्या काळात बाहेरगावचे विद्यार्थी झीबोमध्ये विलगीकरणात होते, शहराने त्यांची चांगली व्यवस्था ठेवली आणि निरोप देताना कबाब खाऊ घातले, ते विद्यार्थी पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन परत आले, असं सांगतात. मोबाइलवर व्हिडिओ फिरले. जवळच्या जिनान शहरातून खास गाड्या सुटल्या. कबाबाच्या ठिकाणांना जोडणाऱ्या बस सुरू झाल्या.

यातली एक गोष्ट दुकानदार म्हणून माझ्या मनात बसली. एक व्हिडिओ करणारा माणूस स्वतःचा वजनकाटा घेऊन झीबोच्या बाजारात गेला. दहा ठिकाणी माल घेतला आणि प्रत्येक ठिकाणी मोजला. दहापैकी एकाही ठिकाणी माप कमी निघालं नाही. तो व्हिडिओ चीनभर पाहिला गेला आणि गर्दी आणखी वाढली.

म्हणजे लोक कबाब खायला आले, पण त्यांना ओढून आणलं सरळ मापाने आणि नीट वागण्याने. पुढे ती लाट ओसरली, घाईघाईने उघडलेली बरीच दुकानं अडचणीत आली, हेही लक्षात ठेवा. व्हायरल होण्यावर कर्ज काढायचं नसतं.

झीबोकडे दाखवायला शेगडी होती. आपल्याकडे काय आहे? हे शोधायला मी एक रविवार राखून ठेवला. खिशात दीड हजार रुपये, मोटरसायकल आणि वही.

एका दिवसाचं चंद्रपूर

सावलीहून सकाळी सहाला निघालो. मूल सोडलं की जंगल लागतं. रस्त्यावर चिचपल्ली येतं, तिथे बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूच्या वस्तूंचा धंदा करायचा विचार असेल त्यांनी याची चौकशी जरूर करावी. साधारण ६० किलोमीटर झाले की बंगाली कॅम्पचा चौक, आणि आपण शहरात.

पहिलं थांबणं अंचलेश्वर. गोष्ट अशी सांगतात की गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर फोड होते. शिकारीला गेला असताना झरपट नदीच्या पात्रातल्या कुंडाचं पाणी प्याला, तोंड धुतलं, आणि त्याचा त्रास कमी झाला. तिथे अंचलेश्वराचं देऊळ झालं. मग त्याच भागात एका सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केलेला राजाने पाहिला. राणी म्हणाली, जिथे ससा कुत्र्यावर धावून जातो ती जागा साधी नाही, इथे शहर वसवा. ससा पळाला त्या वाटेने परकोट आखला, अशी दंतकथा. राजधानी बल्लारशाहून चांद्याला आली.

तो परकोट आजही उभा आहे. सुमारे ११ किलोमीटर. चार मोठे दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. दरवाजावर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे: हत्तीवर स्वार झालेला सिंह. पुढच्या वेळी माल आणायला जाल तेव्हा जटपुऱ्याला मान वर करा, दिसेल. मला बारा वर्षांनी दिसलं.

या परकोटावर झाडंझुडपं माजली होती. २०१७ मध्ये इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी तो स्वतःच्या हातांनी साफ करायला घेतला. त्या वर्षी पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही त्याचा उल्लेख झाला. आज बुरुजावर उभं राहून शहर बघता येतं, त्याचं श्रेय या पोरांच्या घामाला आहे.

अंचलेश्वराच्या देवळाला लागूनच गोंड राजांच्या समाध्या आहेत. सगळ्यांत देखणी समाधी राजा बीरशहाची. ती त्याच्या राणीने, हिराईने बांधली. राजाने राणीसाठी बांधलेलं सगळ्यांना माहीत आहे. राणीने राजासाठी बांधलेलं बघायला मात्र चांद्यालाच यावं लागतं. जवळचं महाकालीचं मोठं देऊळही हिराईच्याच नावाशी जोडलेलं आहे. चैत्रात इथे यात्रा भरते, नांदेडपासून आणि तेलंगणातून लोक येतात. यात्रेच्या दिवसांत दुकान लावायचं असेल तर तो वेगळा विषय आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करू.

मग लालपेठ. खाणीच्या वस्तीजवळ उघड्यावर दगडाच्या प्रचंड मूर्ती पडल्या आहेत. दहा तोंडांची देवी आहे, मासा आहे, कासव आहे, नंदी आहे. मी पहिल्यांदा पाहिल्या आणि तिथेच बसलो. सांगतात की गोंड राजांच्या काळात रायप्पा नावाचा एक श्रीमंत व्यापारी होता. त्याला मोठं देऊळ बांधायचं होतं. मूर्ती घडवून झाल्या आणि देऊळ होण्याआधी तो वारला. लोक याला अपूर्ण देवालय म्हणतात. आपल्यासारखाच एक दुकानदार, ज्याचा प्रोजेक्ट अर्धा राहिला. माल तयार, पण पुढे चालवणारा माणूस तयार केला नव्हता. तुमच्या दुकानाची चावी तुमच्याशिवाय कोणाला लावता येते, हा प्रश्न त्या मूर्तींसमोर बसून स्वतःला विचारा.

दुपारी दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली हे सगळ्यांना पाठ आहे. पण दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि इथेही त्यांनी हजारो लोकांना दीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत इथे मोठा कार्यक्रम होतो. बाहेरच्या पाहुण्यांना हे सांगितलं तर बहुतेक जण म्हणतात, "हे आम्हाला माहीतच नव्हतं."

आणि कारागृहाचा परिसर. १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबरला इथेच चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांचं वय तेव्हा पंचविशीचं.

संध्याकाळी पद्मापूरकडे गेलो. मोहर्लीचा रस्ता इकडूनच जातो. एका बाजूला वीज केंद्राच्या चिमण्या, दुसरीकडे खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर, आणि थोडं पुढे ताडोब्याचं गेट. १९५५ चं राष्ट्रीय उद्यान आणि देशातलं एवढं मोठं वीज केंद्र इतकं जवळ. ताडोब्याच्या एकाही जाहिरातीत हा फोटो नसतो. मला वाटतं, आपल्या जिल्ह्याचा सगळ्यांत खरा फोटो हाच आहे.

दिवसाचा खर्च: पेट्रोल, चहा, जेवण मिळून साडेपाचशे. वहीत बावीस पानं भरली.

पहिली फेरी: माझा गाढवपणा

आता धंद्याकडे. मला दिसलं की सकाळची सफारी संपते, हॉटेल खाली होतं, आणि गाडी रात्री असते. मधले सात-आठ तास पाहुणा सामान घेऊन कुठेतरी बसून काढतो. त्या वेळेला कोणी वाली नाही. मी नाव ठेवलं "चेकआउट ते गाडी". ताईचा भाऊ गाडी देणार, ताई जेवण देणार, मी माहिती सांगणार. माणशी १,२०० रुपये.

पहिले चार पाहुणे मिळाले. दोन जोडपी, नागपूरकडची. सगळं ठरलं, पण महिना होता मे.

साडेअकराला मी त्यांना परकोटावर चढवलं. का? कारण मला सकाळी दुकान उघडून द्यायचं होतं, म्हणून मी उशिरा पोहोचलो होतो. वीस मिनिटांत त्यातल्या एका काकूंना भोवळ आली. सावली नाही, पाणी गाडीत राहिलेलं, जवळपास स्वच्छतागृह नाही. गाडी बोलावली, एसी लावला, ओआरएस पाजलं. अर्ध्या तासाने त्या बोलायला लागल्या. तो अर्धा तास मला आजही आठवतो. त्यांचे मिस्टर मला ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही इथलेच ना? तुम्हाला इथलं ऊन माहीत नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. निम्मे पैसे परत दिले. ते नको म्हणत होते, तरी दिले.

हिशोब बघा. येणार होते ४ × १,२०० = ४,८००. गाडी २,८००, जेवण ४ × १८० = ७२०, चहापाणी २००. खर्च ३,७२०. कागदावर नफा १,०८०. प्रत्यक्षात परत दिले २,४००, हातात राहिले २,४००, खर्च ३,७२०. तोटा १,३२० रुपये. आणि माझ्या दिवसाची मजुरी मी धरलीच नव्हती.

बीबीएला मला कॉस्टिंगमध्ये चांगले मार्क होते. त्या दिवशी कळलं की एक्सेलच्या रकान्यात उन्हाची जागा नसते.

मग काय बदललं

महिना. पूर्ण दिवसाची फेरी फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून उघड्यावरच्या जागा सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. दुपारी सावलीत बसून जेवण. एप्रिल-मेमध्ये आम्ही फेरी घेतच नाही. गिऱ्हाईक मागे लागलं तरी नाही म्हणतो.

माणूस. मी दुकान सोडून गाइड व्हायचं हे गणितच चूक होतं. इतिहासात बीए केलेला चंद्रपूरचा एक मुलगा शोधला. एका फेरीचे ७०० रुपये, जेवण वेगळं. तो माझ्यापेक्षा दहापट चांगलं सांगतो.

किंमत. माणशी १,५०० केली. चार जणांचे ६,०००. गाडी २,८००, जेवण ८००, गाइड ७००, पाणी-ओआरएस-टोप्या-चहा ३००. खर्च ४,६००. उरतात १,४००. त्यातले २०० प्रत्येक फेरीला अडचणीच्या डब्यात टाकतो. काही बिघडलं तर परत द्यायचे पैसे त्या डब्यातून जातात, घरातून नाही.

कागद. पैसे घेऊन माणसं न्यायची तर गाडीला पिवळी पाटी आणि परवाना पाहिजे. मित्राची घरची गाडी चालणार नाही, अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. जेवण विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी. उद्यम नोंदणीही करून घ्या. वीज केंद्र आणि खाणी बाहेरून, रस्त्यावरून जेवढ्या दिसतात तेवढ्याच दाखवायच्या, परवानगीशिवाय आत घुसायचं नाही. खाण बघायला लोक येतात का, असं तुम्ही विचाराल. नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफिल्ड्सने २०१६ मध्ये खाण पर्यटन सुरू केलं. म्हणजे लोकांना उत्सुकता आहेच.

खरं बोलणं. पाहुण्याचा पांढरा शर्ट संध्याकाळी काळपट होतो. तो विचारतो, "ही धूळ कसली?" पहिल्यांदा मी विषय बदलला होता. आता आमचा गाइड सरळ सांगतो: कोळशाची आहे, इथली माणसं रोज हीच श्वासात घेतात, आणि तुमच्या शहरात लाइट जातो तेव्हा तुम्ही ज्याला शिव्या देता ती वीज इथून येते. कोणी रागावत नाही. उलट गाडीत गप्पा इथूनच सुरू होतात. झीबोचा वजनकाटा आठवा. आपल्या मापात हीच गोष्ट येते.

ताईचा प्रश्न

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हा लेख लिहायला बसलो, ती.

फेरी नीट लागली, दोन-तीन ग्रुप झाले, आणि मी ताईला म्हणालो, आता तू डब्याऐवजी घरीच जेवू घाल. पाहुण्यांना चुलीवरचं आवडतं, दरही जास्त मिळेल. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, माह्या सासूले वाघानं नेलं. मोहफुलं वेचाले गेली होती. अन् मी वाघ पाहाले येणाऱ्यायले घरी बसवून जेवू घालू?"

मित्रांनो, सावली, सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. बाहेरचा माणूस वाघ दिसावा म्हणून पैसे भरतो. आपल्याकडची बाई पहाटे मोह वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला जाते तेव्हा वाघ दिसू नये म्हणून देवाचं नाव घेते. एकच वाघ. कोणत्याही ट्रेनिंगच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. मी तिला काही सांगितलं नाही. "तुला जे पटेल ते कर," एवढंच म्हणालो.

पंधरा दिवसांनी तिचाच फोन. म्हणाली, घरी जेवू घालीन, पण वाघाचा फोटो भिंतीवर लावणार नाही, आणि कोणी विचारलं तर सासूचं खरं सांगीन. जेवणात आपलंच करीन.

तिचं ताट ऐका: एचएमटी तांदळाचा भात, वरण, वांग्याची भाजी, पावसाळ्यात वास्ते, हिवाळ्यात सांभारवडी, कधी कोहळ्याचे बोंड. भात वाढताना ती सांगते की हा एचएमटी तांदूळ आपल्याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. १९८० च्या दशकात त्यांनी आपल्या धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या पाहिल्या, बी वेगळं ठेवलं, वर्षानुवर्षं निवड केली. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, तेच नाव धानाला पडलं. तांदूळ दूरदूर गेला. दादाजी २०१८ मध्ये गेले आणि शेवटपर्यंत गरिबीतच राहिले. पाहुणे म्हणतात, हा तर आम्ही घरी रोज खातो!

मागच्या महिन्यात एका पाहुण्याने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून विचारलं, "या कोण?" ताईने सांगितलं. टेबलावर बराच वेळ कोणी बोललं नाही. जाताना त्या पाहुण्याच्या बायकोने ताईचा हात हातात घेतला. वर पैसे दिले नाहीत, आणि ते बरंच झालं. तीन आठवड्यांनी त्यांच्या ओळखीचे सहा जण आले. त्यांनी येताना विचारलं ते असं: "त्या ताईंकडेच जेवण आहे ना?"

वाघाच्या नावावर येणारा पैसा गेटवर आणि रिसॉर्टमध्ये थांबतो. त्यातला थोडा आमच्या तालुक्यातल्या एका घरात, त्या घराच्या अटींवर पोहोचला. माझ्या दृष्टीने सगळ्या हिशोबातली ही सर्वांत मोठी ओळ.

सावलीचं काय?

दुसरा दिवस असेल तर पाहुण्याला आपल्याकडे आणता येतं. सावलीची खादी जुनी आहे. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन आपल्या सावलीत झालं आणि स्वतः गांधीजी इथे आले होते. पावसाळ्यात आसोलामेंढा तलावाचा सांडवा बघायला गर्दी होते. वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात गेलं की चामोर्शीजवळ मार्कंडा, नदीकाठचा कोरीव देवळांचा समूह. तिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते. आणि दिवाळी ते होळीच्या मधे आला असाल तर रात्री झाडीपट्टीचं नाटक. शेकडो माणसं थंडीत पहाटेपर्यंत बसतात. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही, दाखवावंच लागतं.

तुमच्यासाठी गृहपाठ

हा धंदा माझा आहे म्हणून तुम्हीही टूर काढा, असं मी म्हणत नाही. चार-पाच गाड्या एकाच रस्त्यावर धावल्या तर सगळ्यांचंच पाणी होईल. तुमच्यातला कोणी वणीचा आहे, कोणी इचलकरंजीचा, कोणी जळगावचा. तुमच्या गावाचंही एक "इथे काय आहे पाहायला?" असेल. पुढचे तीन कामं करा:

१. ज्या शहरात तुम्ही फक्त माल घ्यायला जाता, तिथे एक रविवार माल न घेता जा. वही न्या.

२. तिथे येणाऱ्या माणसाचा कोणता वेळ रिकामा जातो ते शोधा. आम्हाला चेकआउट ते गाडी सापडला. तुम्हाला दवाखान्याची ओपीडी ते रिपोर्ट सापडेल, परीक्षेला आलेल्या पोरांचे आईबाप सापडतील.

३. पहिली फेरी ओळखीच्यांना फुकट द्या आणि चुका लिहून घ्या. मी पैसे घेऊन चुका केल्या, त्या महाग पडतात.

आणि हैदराबादच्या त्या पहिल्या पाहुण्यांचं काय झालं? ताईने माझं ऐकलं होतं. त्यांना बल्लारशा स्टेशनवर नेऊन बसवलं. पण बल्लारशा आणि चंद्रपूर ही दोन्ही स्टेशनं २०१८ मध्ये रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत पहिली आली होती. भिंतींवर ताडोब्याची चित्रं आहेत. ते लोक दोन तास चित्रं बघत फिरले आणि जाताना ताईला म्हणाले, "तुमचं स्टेशन एवढं सुंदर आहे, तर शहर कसं असेल? पुढच्या वेळी दाखवा."

पुढच्या वेळी दाखवायला आता आपल्याकडे आहे. भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर दुकान वेळेवर उघडा आणि माप पूर्ण द्या.